चुकारा हाती येण्याआधी

कमी वस्तूंत जगावे असे सांगणारे लेखन अलीकडे पुष्कळ वाचायला मिळते, पण त्यातले बहुतेक शहरातील भरलेल्या घरांकडे पाहून लिहिलेले असते. आमच्या वर्धा जिल्ह्यातील कोरडवाहू गावात हा विषय मांडताना आधी एक गोष्ट मान्य करावी लागते. ज्यांच्या मागच्या पिढीला थंडीत पांघरायला दुसरी वाकळ नव्हती, त्यांना वस्तूंचा मोह सोडा असे सांगण्याचा अधिकार कोणालाच नाही. मे महिन्यात पारा 45 अंशांच्या आसपास जातो, तेव्हा टिनाच्या छपराखाली कूलर ही चैन नसते; घरात म्हातारे माणूस किंवा बाळंतीण असेल तर तो औषधाइतकाच गरजेचा असतो. माझा आक्षेप आहे तो चार लोकांना दिसावे म्हणून, आणि तेही कर्ज काढून, घरात आणल्या जाणाऱ्या वस्तूंना.

अशा वस्तूंचा सर्वांत मोठा ढीग आपल्याकडे लग्नात जमतो. हुंड्याला 1961 च्या कायद्याने बंदी आहे, पण आंदण ‘स्वखुशीने’ दिले जाते आणि त्या स्वखुशीची यादी दरवर्षी लांबत जाते. आलमारी, दिवाण, सोफा, ड्रेसिंग टेबल, शिवाय रुखवतात मांडलेली भांडी. दोन खोल्यांच्या घरात त्यांना जागा नसते, म्हणून सोफ्यावर तुरीची पोती ठेवली जातात आणि भांडी फळीवर जाऊन बसतात, ती पुढच्या दिवाळीला धुवून पुन्हा वर ठेवण्यापुरतीच खाली येतात. मुलीच्या बापाने मात्र त्यासाठी सावकाराकडून घेतलेले पैसे पुढची कित्येक वर्षे फेडायचे असतात. हे बोलून दाखवले की घरातली वडीलधारी बाई म्हणते, “आलमारी नाही देल्ली तं लोकं काय म्हनतीन?” या प्रश्नामागची भीती खरी आहे आणि तिला हसण्यावारी नेता येत नाही, कारण सासरी त्या मुलीला खरोखरच बोलणी खावी लागतात. म्हणूनच ही सुरुवात मुलाकडच्यांनी करायला हवी, असे माझे ठाम मत आहे. आम्हाला आलमारी नको, हे वाक्य वरबापाच्या तोंडून आले तरच त्याला वजन असते.

हा विचार आपल्या मातीला नवा नाही. अमरावती जिल्ह्यातील शेंडगावात 1876 साली जन्मलेल्या गाडगेबाबांनी अंगावर चिंध्या, हातात खराटा आणि मडके एवढ्यावर आयुष्य काढले, पण पंढरपूर, नाशिक, आळंदी येथे इतरांसाठी धर्मशाळा उभ्या केल्या. कर्ज काढून सण-लग्ने करू नका, एकवेळ जेवणाचे ताट मोडा, हातावर भाकर घेऊन खा, पण मुलांना शिकवा, असे ते कीर्तनातून कळवळून सांगत. वस्तू कशासाठी सोडायची, हे त्यांनी त्या एका ताटात सांगून ठेवले आहे.

सेवाग्रामला गेल्यावर मला नेहमी दुसरी एक बाजू दिसते. 1936 मध्ये तेथे पहिले घर बांधताना खर्च शंभर रुपयांच्या आत असावा आणि साहित्य परिसरातलेच वापरावे, अशी गांधीजींची अट होती. कुटीत चटई आहे, बुटके मेज आहे, पण तेथेच साप पकडून दूर सोडण्यासाठी लाकडी चिमटा आणि पिंजराही आहे, आणि आश्रमात टेलिफोनसुद्धा होता. ज्या वस्तूला काम होते तिला तेथे जागा होती. आमच्यासारख्या शेतात राबणाऱ्यांना हा हिशेब चटकन पटतो, कारण डवरा, वखर, इळा यांपैकी एकही वस्तू आपण शोभेसाठी घेत नाही आणि मोडली तर गावातल्याच सुताराकडे किंवा लोहाराकडे नेतो. घरातल्या वस्तूंनाही हीच कसोटी का लावू नये? ती रोज हाताळली जाईल का, आणि बिघडली तर जवळपास कोणी दुरुस्त करून देईल का?

खरी परीक्षा कापूस विकल्यावर असते. चुकारा, म्हणजे विकलेल्या कापसाचे पैसे, हाती येतो त्याच सुमारास बाजारात हप्त्यांच्या जाहिराती लागतात, आणि वर्षभर पोट मारून राहिलेल्या माणसाला त्या वेळी नाही म्हणणे फार जड जाते. आमच्या घरी म्हणून कापूस घरात येण्याआधीच यादी लिहून ठेवतात. आधी बियाण्याचे आणि उधारीचे पैसे, मग पोरांची फी, आणि उरले तर घरातल्या सगळ्यांनी मिळून ठरवलेली एकच वस्तू.

काही वस्तू तर एकट्याच्या मालकीच्या असण्याचीच गरज नसते. आमच्या गावातील महिला बचत गटाने मोठी पातेली, पराती, सतरंज्या घेऊन ठेवल्या आहेत. लग्न असो वा तेरवी, नाममात्र भाड्याने त्या मिळतात आणि आलेल्या पैशांतून गटातल्या बायांना अडीनडीला कर्ज दिले जाते. आता फवारणी पंपही गटाने घ्यावेत असे बोलणे सुरू आहे. त्यांची देखभाल कोणी करायची यावर मात्र अजून एकमत झालेले नाही. ज्यांच्या गावात अशी व्यवस्था नीट चालली असेल त्यांनी ती कशी चालते हे येथे सविस्तर लिहावे. पुढच्या बैठकीत मला ते वाचून दाखवायचे आहे.