रीबूटने मशीन बिघडत नाही : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार.

आरएचसीएसए (रेड हॅट कंपनीची लिनक्स सर्व्हर सांभाळण्याची प्रमाणपत्र परीक्षा) या परीक्षेसाठी घरी सरावाची लॅब कशी उभी करावी, या लेखावरची आपली प्रतिक्रिया वाचली. बाकीच्या वाचकांना संदर्भ लागावा म्हणून ती थोडक्यात इथे देतो : "रॅमचा आकडा साफ चूक. कंटेनरवर एक ओळ नाही. प्रत्येक टास्कनंतर रीबूट करा हा तर निव्वळ मूर्खपणा. तुमचं ऐकून रीबूट केलं आणि मशीन इमर्जन्सी मोडमध्ये गेलं, अर्धा दिवस वाया. स्वतः परीक्षा न देता लोकांना शिकवू नये. यापेक्षा क्लासमधले प्रश्न पाठ केलेले बरे."

रॅमबद्दल आपलं बरोबर आहे. ४ जीबीच्या लॅपटॉपवर दोन व्हर्च्युअल मशीन चालतील असं मी लिहिलं होतं, ते चुकलं. प्रत्येक मशीनला २ जीबी दिले की मूळ लॅपटॉपला काहीच उरत नाही. ८ जीबी हवेत. दुरुस्ती करताना प्रोसेसरचाही उल्लेख करेन, कारण जुना लॅपटॉप घेऊन तयारी करणारे बरेच जण पुण्यात आहेत. रेड हॅट एंटरप्राइझ लिनक्सच्या १० व्या आवृत्तीला साधारण २०१३ नंतरच्या पिढीचा इंटेल प्रोसेसर लागतो. त्याआधीच्या प्रोसेसरवर रॅम कितीही वाढवली तरी ती चालत नाही. अल्मालिनक्स (याच लिनक्सशी मिळतीजुळती मोफत आवृत्ती) मात्र जुन्या प्रोसेसरसाठी वेगळी प्रत देतं.

आता भाषेबद्दल. "मूर्खपणा" हा शब्द लेखाच्या खाली, सगळ्यांना दिसेल असा लिहिण्याची गरज नव्हती. "हे मला पटलं नाही, माझं मशीन असं असं अडकलं" एवढं लिहिलं असतंत तर त्याच दिवशी उत्तर मिळालं असतं. आणि "स्वतः परीक्षा न देता" हे आपण कशाच्या आधारावर लिहिलंत? हे प्रमाणपत्र तीन वर्षांनी संपतं आणि मी ते दोनदा नव्याने मिळवलेलं आहे. अकरा वर्षं सर्व्हर सांभाळणं हाच माझा पोटापाण्याचा धंदा आहे. हे सांगावं लागतंय याचंच वाईट वाटतं. मतभेद असू द्या, पण अनोळखी माणसाच्या कामाबद्दल असं ठोकून देणं बरं नव्हे.

रीबूटचं मात्र सविस्तर सांगतो, कारण तुमच्या त्या एका वाक्यात पूर्ण गैरसमज आहे.

रीबूटने तुमचं मशीन बिघडवलं नाही. ते आधीच बिघडलेलं होतं, रीबूटने ते दाखवलं. परीक्षा तीन तासांची, ३०० पैकी २१० गुणांवर उत्तीर्ण. तुम्ही केलेले बदल रीबूटनंतर टिकले पाहिजेत ही परीक्षेची उघड अट आहे. म्हणजे जे टास्क आत्ता स्क्रीनवर चालताना दिसतंय पण पुन्हा सुरू केल्यावर नाहीसं होतं, त्याचे गुण मिळत नाहीत. आणि मशीन सुरूच झालं नाही, तर त्यावर केलेलं बाकीचं बरोबर कामही तपासता येत नाही.

रीबूटशिवाय न दिसणाऱ्या चुका किती आहेत बघा. सर्व्हिस 'स्टार्ट' केली, पण 'एनेबल' (बूटला आपोआप सुरू होईल अशी) केली नाही. फायरवॉलचा नियम 'पर्मनंट' न लिहिता टाकला, तो गेला. (उलटंही होतं : पर्मनंट लिहिला पण 'रीलोड' केलं नाही, म्हणून आत्ता चालत नाही आणि माणूस उगाच वेब सर्व्हरची फाइल तपासत बसतो.) एसईलिनक्स या सुरक्षा यंत्रणेची 'सेटसीबूल' कमांड चालवताना बदल कायम ठेवणारा मोठा 'पी' विसरला. 'सेटएन्फोर्स'ने एसईलिनक्स चालू केलं, पण कॉन्फिग फाइलमध्ये 'परमिसिव्ह'च (फक्त नोंद घेणारं, न अडवणारं) राहिलं. आयपी पत्ता 'आयपी' कमांडने दिला, 'एनएमसीएलआय'ने कनेक्शनमध्ये लिहिलाच नाही. कंसातली सोडली तर या सगळ्या गोष्टी रीबूटआधी अगदी व्यवस्थित चालतात.

यात एक चूक याहून फसवी आहे. फोल्डरचं एसईलिनक्स लेबल (तो कुठल्या प्रोग्रामला वापरता येईल हे ठरवणारी खूण) 'सीएचकॉन' कमांडने बदललं तर ते साध्या रीबूटमध्ये टिकतं. पण रूटचा (मशीनच्या मुख्य प्रशासकाचा) पासवर्ड बदलण्याच्या टास्कमध्ये आपण 'ऑटोरीलेबल' नावाची फाइल तयार करतो, आणि पुढच्या बूटला सगळ्या फाइलींची लेबलं धोरणाप्रमाणे पुन्हा लावली जातात. तेव्हा 'सीएचकॉन'ने केलेलं पुसलं जातं. म्हणून आधी 'सेमॅनेज एफकॉन्टेक्स्ट'ने नियम नोंदवायचा आणि मग 'रिस्टोरकॉन' चालवायचं. क्लासचे प्रश्न पाठ करणाऱ्यांना कमांड येते, पण दोन टास्क एकमेकांना कसे बाधतात हे कळत नाही. तुम्ही पाठांतराची शिफारस केलीत म्हणून मुद्दाम लिहितोय. शिवाय खऱ्या परीक्षेतले प्रश्न बाहेर न सांगण्याच्या करारावर प्रत्येक उमेदवार सही करतो, तेव्हा कुणी "खरे प्रश्न" विकत असेल तर ते घेऊच नयेत.

आता तुमचं मशीन. इमर्जन्सी मोड (मशीन पूर्ण सुरू न होता फक्त दुरुस्तीपुरतं उघडतं ती अवस्था) म्हटल्यावर पहिला संशय एफस्टॅब फाइलवर, म्हणजे सुरू होताना कोणतं विभाजन कुठे जोडायचं (माउंट करायचं) याच्या यादीवर. इथे तीन चुका नेहमी होतात. 'बीएलकेआयडी' कमांडच्या उत्तरात यूयूआयडी (फाइल सिस्टिमचा ओळख क्रमांक) आणि पार्टयूयूआयडी (विभाजनाचा ओळख क्रमांक) शेजारी असतात, घाईत दुसरा उचलला जातो. किंवा यूयूआयडी लिहून झाल्यावर विभाजन पुन्हा फॉरमॅट केलं. फॉरमॅट केलं की यूयूआयडी बदलतो, एफस्टॅबमध्ये जुनाच राहतो. किंवा फॉरमॅट ईएक्सटी४ केलं आणि ओळीत एक्सएफएस लिहिलं.  लॉजिकल व्हॉल्यूम (डिस्कांची जागा एकत्र करून त्यातून कापलेला भाग) असेल तर यूयूआयडीच्या भानगडीत पडूच नका, व्हॉल्यूम ग्रुप आणि लॉजिकल व्हॉल्यूमच्या नावाचा मार्ग लिहा. तो फॉरमॅट केल्यावरही बदलत नाही.

ओळ लिहिल्यावर रीबूट करण्याआधी 'माउंट -ए' चालवायचं, हे मूळ लेखात होतं. तुम्ही तेवढं वगळून थेट रीबूट केलं असावं असं मला वाटतं. मात्र 'माउंट -ए' आधीच माउंट असलेल्या जागेला हात लावत नाही, म्हणून ती आधी अनमाउंट करायची. स्वॅपची (रॅम कमी पडल्यावर वापरायच्या डिस्कवरच्या जागेची) ओळही ते तपासत नाही, त्यासाठी 'स्वॅपऑन -ए'. आणि 'फाइंडमाउंट'ला 'व्हेरिफाय' हा पर्याय देऊन चालवलं की सगळ्या ओळींतल्या चुका एकदम दिसतात.

अडकलेल्या मशीनवर अर्धा दिवस लागत नाही. इमर्जन्सी मोड रूटचा पासवर्ड मागतो, तो द्या. रूट फाइल सिस्टिम फक्त वाचण्यापुरती असेल तर ती लिहिण्यायोग्य करून पुन्हा माउंट करा. एफस्टॅब उघडून आपण टाकलेल्या ओळीपुढे '#' लावा, जतन करा, रीबूट. मशीन सुरू होतं, मग चूक निवांत शोधा. पाच मिनिटांचं काम आहे, आणि परीक्षेच्या खुर्चीत पहिल्यांदा करण्यापेक्षा घरी दहा वेळा केलेलं असलं पाहिजे. पुण्यात गुरुवारी दुरुस्तीसाठी वीज जाते तेव्हा साध्या पीसीवरची लॅब आपोआप बंद पडतेच. वीज आल्यावर काय टिकलं आणि काय गेलं ते तपासून बघा, तोही सरावच आहे.

वेळेचं म्हणाल, तर "प्रत्येक टास्कनंतर" हे मी सरावासाठी लिहिलं होतं, परीक्षेसाठी नव्हे. ते वाक्य नीट वाचायला हवं होतं. परीक्षेत तीन रीबूट पुरतात : नेटवर्क आणि पासवर्ड झाल्यावर पहिला, स्टोरेज झाल्यावर लगेच दुसरा, आणि किमान वीस मिनिटं हातात असताना शेवटचा. शेवटच्या पाच मिनिटांत करू नका. मशीन अडकलं तर दुरुस्त करायला वेळ उरत नाही.

कंटेनरचा (प्रोग्राम वेगळ्या कप्प्यात चालवण्याचा) मुद्दा : अभ्यासक्रम आवृत्तीनुसार बदलतो. तुम्ही ज्या आवृत्तीची परीक्षा देणार आहात तिची विषयांची यादी रेड हॅटच्या पानावर बघा. लेख लॅब उभारण्यावर होता. लेखात इंग्रजी शब्द फार आहेत अशी तुमची आणखी एक तक्रार आहे, पण परीक्षेत तेच शब्द समोर येणार आहेत.

तुमच्या एफस्टॅबमधली ती ओळ आणि 'बीएलकेआयडी'चं उत्तर, दोन्ही खाली प्रतिक्रियेत टाका. रागाने लिहिलंत तरी चालेल, पण ओळ अक्षर न बदलता टाका. बघून कुठे चुकलं ते सांगतो.