‘आमच्या टॉवेलवाल्यांना हे लॉग कशाला?’ : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार सर,

विंडोजला लिखित हुकूम देण्याचं साधन असलेल्या पॉवरशेलच्या लॉगमधून (म्हणजे काय काय चाललं त्याच्या नोंदवहीतून) रेकी, म्हणजे हल्ल्याआधीची टेहळणी, कशी ओळखायची, या माझ्या लेखावरची तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. ज्यांच्या नजरेतून ती सुटली त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. सोलापूरच्या होटगी रोडवरच्या एका विणकाम युनिटचे संगणक सांभाळणारे हे वाचक म्हणतात, ‘अँटीव्हायरस असताना हे कशाला? तुमचं वाचून लॉगिंग चालू केलं, आठवड्यात डिस्क भरली. ज्या कमांडना तुम्ही रेकी म्हणता त्या मी रोज चालवतो. आणि कोणी साध्या कमांड प्रॉम्प्टवरून नेट यूजर मारलं तर तुमच्या लॉगला पत्ताही लागत नाही. बँकांचं ज्ञान आमच्या टॉवेलवाल्यांच्या गळ्यात मारू नका.’

कमांड प्रॉम्प्टचा, म्हणजे विंडोजच्या जुन्या काळ्या खिडकीचा (तिथं ‘नेट यूजर’ टाइप केलं की वापरकर्त्यांची यादी येते), मुद्दा आधी घेतो, कारण तिथं मी चुकलो. ‘सगळं नोंदवलं जातं’ असं मी लिहून गेलो होतो. ४१०४ क्रमांकाची नोंद, म्हणजे चाललेल्या स्क्रिप्टचा मजकूर, पॉवरशेलने जे चालवलं तेवढ्याचीच होते. बाकीच्यासाठी सिक्युरिटी लॉगमधली ४६८८, म्हणजे कोणता प्रोग्राम सुरू झाला त्याची नोंद, चालू करावी लागते, आणि तीही कमांडची पूर्ण ओळ नोंदवण्याच्या सेटिंगसकट. नुसत्या ४६८८ वरून नेट चाललं एवढंच कळतं, त्यानं काय विचारलं ते कळत नाही. मूळ लेखात दुरुस्ती केली आहे. मनापासून आभार.

डिस्कचं मात्र मला वेगळं वाटतं. पॉवरशेलच्या ऑपरेशनल लॉगची मूळ मर्यादा १५ एमबी असते. ती भरली की जुन्या नोंदी पुसल्या जातात आणि नव्या बसतात. त्यानं डिस्क भरणार नाही. भरते ती ट्रान्सक्रिप्शनच्या (पॉवरशेलमध्ये टाइप केलेलं आणि आलेलं उत्तर लिहून ठेवणाऱ्या) टेक्स्ट फाइलींनी, नाहीतर लॉग भरल्यावर आर्काइव्ह करण्याचा, म्हणजे जुना लॉग न पुसता साठवण्याचा, पर्याय निवडला असेल तर. स्क्रिप्ट ब्लॉक लॉगिंगच्या, म्हणजे ४१०४ नोंदवणाऱ्या, सेटिंगमध्येच खाली स्क्रिप्टची सुरुवात आणि शेवट नोंदवण्याची आणखी एक चौकट असते. तिच्यावर टिक केली की ४१०५ आणि ४१०६ चा पाऊस पडतो आणि कामाची ४१०४ त्यात वाहून जाते. ती चौकट रिकामी ठेवा. माझी अडचण उलटी असते. गजबजलेल्या सर्व्हरवर १५ एमबी बघता बघता संपतात, म्हणून मी मर्यादा ५०० एमबी करतो आणि नोंदींची प्रत दुसऱ्या मशीनवर पाठवतो. विंडोजमध्येच ती सोय आहे, वेगळे पैसे पडत नाहीत. सर्ट-इनच्या (केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या) २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांत लॉग १८० दिवस जपायला सांगितलंय, हेही मालकांच्या कानावर घाला.

आता अँटीव्हायरस. अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीतल्या एका टॉवेल कारखान्यात मी प्रिंटरच्या कामाला गेलो होतो. १४ संगणक, एक सर्व्हर. जेवणाची सुट्टी, अकाउंट्सच्या ताई डबा खायला गेलेल्या. अँटीव्हायरसवर हिरवी खूण. सवयीनं ताईंच्या मशीनचा लॉग उघडला. ४६८८ मध्ये पॉवरशेलची एक लांबलचक ओळ होती, नुसती अक्षरांची खिचडी, सुरुवात ‘जेएबी’ या तीन अक्षरांची. डॉलर चिन्हानं सुरू होणारी स्क्रिप्ट बेस-६४ मध्ये (मजकूर वेगळ्या अक्षरांत लिहिण्याच्या पद्धतीत) गुंडाळून पॉवरशेलला दिली की ती बहुतेक वेळा याच तीन अक्षरांनी सुरू होते. त्याच मिनिटाची ४१०४ उघडली, तर तीच ओळ सोलून ठेवल्यासारखी स्वच्छ. आधी ‘मी कोण, कोणत्या ग्रुपात’. मग डोमेन अ‍ॅडमिन, म्हणजे सगळ्या नेटवर्कवर पूर्ण अधिकार असलेले, कोण कोण. मग कोणत्या संगणकावर कोणते फोल्डर शेअर केलेत. शेवटी नावात ‘बॅकअप’ असलेल्या फाइली. चार मिनिटांत चार प्रश्न, आणि खुर्ची रिकामी. मी नेटवर्कची वायर ओढली. नंतर कळलं, सकाळी जीएसटीची नोटीस म्हणून आलेली एक फाइल ताईंनी उघडली होती.

यातली एकही कमांड व्हायरस नाही. सगळी विंडोजची स्वतःची. अँटीव्हायरसनं तिला अडवावं तरी कशावरून? गुंडाळलेली स्क्रिप्ट चालायची तर पॉवरशेलला ती आधी उलगडावी लागते, आणि ४१०४ ती उलगडलेली प्रत टिपते. पॉवरशेल ५ पासून ही सोय विंडोजमध्ये आहे.

तुमचा सगळ्यात वजनदार मुद्दा म्हणजे ‘त्या कमांड मीही चालवतो’. खरंय, मीही चालवतो. कमांडच्या नावावरून चोर ओळखू येत नाही. गल्लीतून भंगारवाला रोज जातो, पण तोच एका दुपारी प्रत्येक घराच्या कुलपाकडे बघत गेला तर ओट्यावर बसलेल्या आजीला ते कळतं, कारण तिला रोजची गल्ली पाठ असते. मी लॉगकडे तसं बघतो. ४१०४ मध्ये स्क्रिप्ट कुठल्या फाइलमधून आली तो पाथ असतो. तुमच्या सगळ्या स्क्रिप्ट एका ठरलेल्या फोल्डरमध्ये ठेवा, म्हणजे तो पाथ तुमची ओळख होईल. थेट मेमरीत चालवलेल्या कोडचा पाथ कोरा असतो. हातानं टाइप केलेल्याचाही कोराच असतो, म्हणून वापरकर्ता, मशीन आणि वेळ सोबत बघायची. तुमच्या अ‍ॅडमिन खात्यावरून तुमच्याच मशीनवर अ‍ॅडमिनची यादी मागितली गेली तर त्यात नवल नाही. तीच यादी पॅकिंगच्या संगणकानं मागितली तर उठून बघायला जायचं. आणि सिद्धेश्वरांच्या यात्रेत अक्षता सोहळ्याच्या दिवशी, सगळं गाव संमती कट्ट्याकडे गेलेलं असताना बंद ऑफिसातून मागितली, तर कट्ट्यावरून परत फिरायचं.

एक सावधगिरी. बॅकअपच्या स्क्रिप्टमध्ये पासवर्ड लिहिला असेल तर तोही ४१०४ मध्ये उघडा दिसेल. तो आधी काढा. जुनं पॉवरशेल २ कुठं शिल्लक असेल तर तेही काढा, त्यात ही नोंद होतच नाही आणि हल्लेखोर मुद्दाम ते मागून घेतात.

बँकांचं म्हणाल तर सर, बँकेत हे बघायला रात्रपाळीची माणसं असतात. तुमच्याकडे तुम्ही एकटे आहात. पार्ट्यांचे हिशेब, डिझाइनच्या फाइली, कामगारांचे पगार सगळं त्या एका सर्व्हरवर आहे. ते एका रात्रीत कुलूपबंद झालेलं मी जवळून पाहिलंय. म्हणूनच मी इतक्या तळमळीनं लिहितो.

आज एवढंच करा. अकाउंट्सच्या मशीनवर इव्हेंट व्ह्यूअर उघडा, पॉवरशेलच्या ऑपरेशनल लॉगला ४१०४ चं फिल्टर लावा आणि दुपारी एक ते तीनमधल्या, कोऱ्या पाथच्या नोंदी वाचा. ट्रान्सक्रिप्शनचा फोल्डर सापडला तर तो किती भरलाय तेही इथंच खाली कळवा, मग त्याचं काय करायचं ते ठरवू.