‘पोरं शेवटी पुण्यालाच जाणार’ : एका प्रतिक्रियेला उत्तर

सर, सविस्तर लिहिलंत याबद्दल आभार. इतर वाचकांसाठी आपलं म्हणणं थोडक्यात सांगतो. कम्युनिटी कॉलेजचा, म्हणजे कॉलेजात चालणारा कामधंद्याचा, अभ्यासक्रम सुरू करण्याआधी आसपास त्या कामाला मागणी किती आहे ते तपासा, असं मी लिहिलं होतं. आपला आक्षेप असा की मराठवाड्यातली पोरं शेवटी पुण्याजवळच्या चाकण-रांजणगावच्या कारखान्यांतच जाणार, मग स्थानिक मागणी शोधून काय उपयोग? आकडे हवेच असतील तर महास्वयम या सरकारी रोजगार पोर्टलवर आहेत, अभ्यासक्रमाच्या प्रस्तावाला कंपन्यांची पत्रं पुरतात आणि दोन प्राध्यापकांच्या विभागाला एवढा व्याप झेपत नाही.

आधी पोर्टलचं बघू. तिथे दिसतो तो जाहिरातींचा आकडा. एकाच कारखान्याची एकच जागा दोन-तीन गुत्तेदारांनी वेगवेगळी टाकलेली असू शकते. भरलेली जागा काढायची राहून जाते. एजन्सीचं कार्यालय पुण्यात असेल तर छत्रपती संभाजीनगरजवळच्या वाळूज औद्योगिक वसाहतीतली भरती पुण्याच्या नावावर दिसते. रोजगार मेळाव्यातली ‘प्राथमिक निवड’ म्हणजे रुजू झालेला माणूस नव्हे. 2024 मध्ये मुख्यमंत्री युवा कार्यप्रशिक्षण योजना आली. तिच्यात बारावी, आयटीआय-पदविका आणि पदवी यांना अनुक्रमे 6, 8 आणि 10 हजार रुपये विद्यावेतन सरकारकडून ठरलं. या जागा मागणीत धरू नका, कारण मालकाने स्वतःच्या खिशातून पगार द्यायची तयारी इथे दाखवलेलीच नसते.

खरी मागणी त्या तयारीतच दिसते. म्हणून ‘तुम्हाला माणसं लागतील का?’ हा प्रश्न प्रश्नावलीतून काढून टाका. त्याला सगळेच हो म्हणतात. त्याऐवजी झालेलं विचारा: या कामावर गेल्या 12 महिन्यांत किती जण घेतले? त्यातले किती सोडून गेले आणि कितव्या महिन्यात? पहिला पगार हातात किती पडला? कंपनीच्या हजेरीवर की गुत्तेदाराच्या? शिफ्ट आठ तासांची की बाराची? माणूस मिळाला नाही तेव्हा काम कसं भागवलं? या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर ‘भागलं की’ असं आलं, तर त्या कौशल्याची निकड तुम्हाला वाटते तेवढी नाही.

हिशेब कसा बदलतो ते बघा. समजा, वाळूज-चिकलठाण्याच्या 40 वर्कशॉपांनी मिळून वर्षात 120 सीएनसी ऑपरेटर, म्हणजे संगणकावर चालणारी कटाईची मशीन चालवणारे, घेतले. कागदावर 60 जणांची बॅच सहज खपेल असं वाटतं. पण त्यातले 84 जण त्याच 30 जागांवर एकामागून एक आले आणि गेले, कारण तिथे बारा तास उभं राहून पगार तुटपुंजा. हा प्रश्न प्रशिक्षणाने सुटणारा नाही, तेव्हा त्या जागा बाजूला ठेवा. उरले 36. आसपासच्या आयटीआयमधून निघून याच भागात थांबणारे 20 वजा केले की राहिले 16. साठची बॅच काढली तर 44 पोरं प्रमाणपत्र हातात घेऊन घरी बसतील.

त्यातही ‘सीएनसी येणारा माणूस’ म्हणजे नेमका कोण, हे एचआरला विचारून कळत नाही. लाईनवरच्या सुपरवायझरला विचारा. नुसता जॉब (घडवायचा सुटा भाग) मशीनवर लावायचा, सायकल स्टार्ट दाबायचं, जॉब काढून गेजने तपासायचा, हे काम कारखाना स्वतःच थोड्या दिवसांत शिकवतो. त्यासाठी सहा महिन्यांचा अभ्यासक्रम कोणाला नको असतो. अडचण मशीन जुळवून देणाऱ्या सेटरची असते: ड्रॉइंग वाचून वर्क ऑफसेट आणि टूल ऑफसेट (जॉब आणि हत्यार नेमकं कुठे आहे याची मापं) घेणं, इन्सर्ट (हत्याराचं कापणारं टोक) झिजल्यावर बदलून माप परत जागेवर आणणं, पहिला जॉब पास करून घेणं. 0.01 मिमी अल्पतम मापाचा मायक्रोमीटर हातात देऊन तोच जॉब तीनदा मोजायला सांगितलं की उमेदवार कुठे आहे ते सुपरवायझरला लगेच कळतं. अभ्यासक्रम काढायचा तर या माणसासाठी काढावा. प्रश्नावलीत ऑपरेटर आणि सेटर या दोघांचा रकाना एकच ठेवला की मोठा आकडा हाती येतो आणि चुकीचा अभ्यासक्रम बनतो.

शिकाऊ उमेदवारांचं वेगळं विचारा. 30 किंवा जास्त कामगार असलेल्या आस्थापनेला मनुष्यबळाच्या 2.5 ते 15 टक्के शिकाऊ उमेदवार घेणं बंधनकारक आहे. 200 कामगारांच्या कारखान्यात ही संख्या 5 ते 30 होते. दरवर्षी 30 घेऊन एकालाही कायम करत नसतील, तर तिथे मागणी स्वस्त हातांची आहे.

आता आपला मुख्य मुद्दा. पोरं पुण्याला जातात हे खरंच आहे, म्हणून पुण्याचा हिशेब स्वतंत्र मांडा. दोन वर्षांपूर्वी पास झालेल्यांना फोन करा. फोन न उचलणारा ‘नोकरीत’ धरू नका. पुण्यात 18,000 मिळतात आणि खोली-मेसला 7,000 जातात, तर गावाकडून 13,000 वर ये-जा करणाऱ्याच्या हातात जास्त उरतं. पण ये-जा जमली पाहिजे. अंतर किलोमीटरमध्ये मोजू नका, एसटीच्या वेळेत मोजा. गंगापूर-पैठणच्या मुलीला दुसरी शिफ्ट सुटल्यावर कंपनीची बस नसेल, तर वाळूजची ती जागा तिच्यासाठी नाहीच. आणि ज्यांना आई-वडील, शेती सोडून जाताच येत नाही त्यांचं काय? कम्युनिटी कॉलेज मुख्यतः त्यांच्यासाठी आहे, असं मी मनापासून मानतो.

संभाजीनगरजवळच्या बिडकीन औद्योगिक क्षेत्रातल्या घोषणांवरही बॅच काढू नका. टोयोटा किर्लोस्करचा सामंजस्य करार जुलै 2024 चा. करार आणि लाईनवरची भरती यांत वर्षं जातात. आधी वेल्डर, वायरमन, फॅब्रिकेटर लागतात, तेही गुत्तेदारांकडे.

आपल्या लातूरकडे प्रश्न हंगामाचा आहे. जिनिंग आणि साखर कारखाने दिवाळीच्या आसपास सुरू होतात आणि उन्हाळ्यात थंडावतात. शेजारच्या हिंगोली जिल्ह्यात वसमतच्या मोंढ्यात हळदीची आवक साधारण मार्चनंतर वाढते. डिसेंबरमध्ये विचारलं तर माणसं कमी पडतात, जुलैमध्ये विचारलं तर आहेत तीच जड होतात. दोन्ही वेळा जा आणि मागच्या तीन वर्षांचं विचारा. 2016 मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं, तशा वर्षी उसावर अवलंबून असलेली भरती कोसळते.

मोंढ्यातली, बाजारातली कामं पोर्टलवर येतच नाहीत. सौर पंप, ठिबक, ट्रॅक्टर दुरुस्ती असल्या दुकानांत दोन-तीनच माणसं असतात. तिथे रस्त्याने चालत जाऊन दर पाचव्या दुकानात विचारा. ओळखीच्याच दुकानांत गेलात तर चित्र एकांगी येईल.

व्यापाचं म्हणाल तर 40 मुलाखतींसाठी 70 नावांची यादी लागते, कारण बरेच जण नाही म्हणतात. यादी जिल्हा उद्योग केंद्र आणि मसिआ किंवा सीएमआयए या उद्योजकांच्या संघटना यांच्याकडून जुळवता येते. तिसऱ्या वर्षाच्या आठ विद्यार्थ्यांच्या चार जोड्या रोज प्रत्येकी तीन मुलाखती करू शकतात, म्हणजे चार दिवसांत काम होतं. महिन्याचा शेवट टाळा, तेव्हा डिस्पॅचची, म्हणजे माल रवाना करण्याची, धावपळ असते.

राहिली पत्रं. ‘सहकार्य करू’ हे लेटरहेडवर लिहून द्यायला काहीच लागत नाही. त्या जागी तीन गोष्टी मागा: वर्षाला किमान किती जणांची मुलाखत घेणार, सुरुवातीचा पगार किती आणि तुमचा सुपरवायझर महिन्यातून कोणत्या दिवशी वर्गावर येणार. पंधरा कंपन्यांपैकी चार जणांनीच हे लिहून दिलं, तर प्रस्तावाला त्या चारच जोडा आणि प्रवेशक्षमता त्यांच्या आकड्यांच्या बेरजेवर ठरवा.