पायताणाला इज्जत मिळवून देण्याचे खात्रीशीर उपाय

गेल्या रविवारी मेव्हण्याच्या पोराच्या साखरपुड्याचं जेवण होतं. कोल्हापुरातल्याच एका क्लबात. अंगात इस्त्रीचा झब्बा आणि पायात कापशी चप्पल; सुभाषनगरातनं माप देऊन करून घेतलेली, वर्षभर तेल पाजून मऊ केलेली. दारावरच्या पोरानं झब्ब्याला नमस्कार केला, मग पायाकडं बघितलं.

"काका, चप्पल अलाऊड न्हाई."

"अरे, कोल्हापुरी आहे ही."

"व्हय, पण चप्पलच न्हवं का?"

मग त्यानं टेबलाखालनं एक काळा बूटजोड काढला. क्लबाचाच, माझ्यासारख्या अडाण्यांसाठी ठेवलेला. बूट दहा नंबरचा, पाय आठ नंबरचा. फटॅक फटॅक करत आत गेलो तर टेबलावर विषय काय? इटलीच्या प्राडा या फॅशन कंपनीनं आपली कोल्हापुरी कशी डोक्यावर घेतली! "जगात भारी!" म्हणून मेव्हण्यानं मला टाळी मागितली. दिली. टेबलाखाली एक बूट निसटला होता.

त्या जेवणात मी बराच शहाणा झालो. ते शहाणपण एकट्यानं पचणार नाही, म्हणून तुमच्यासाठी या सूचना.

पहिली गोष्ट, आपली वस्तू चांगली आहे असं मनात आलं तरी एकदम बोलू नका. इटलीतल्या मिलानहून कळेपर्यंत दम धरा. 2025 च्या जूनमध्ये प्राडाच्या शोमध्ये गोरी पोरं अंगठ्याची चप्पल घालून चालली. माहितीच्या कागदावर नुसतं 'लेदर सँडल'. ना कोल्हापूर, ना भारत. इकडं बोंब उठली, मग कंपनीनं कबूल केलं की हे भारतातल्या कारागिरीवरनं सुचलं. आदल्या दिवसापर्यंत तुमच्या पोराला ती गावठी वाटत होती, लग्नात फेट्याबरोबर तासभर घालायची आणि फोटो झाले की पिशवीत. दुसऱ्या दिवशी त्याच्या स्टेटसला 'आमचा वारसा'. या वारशाला 2019 सालीच भौगोलिक मानांकन मिळालंय, महाराष्ट्रातले चार आणि कर्नाटकातले चार जिल्हे मिळून. तेव्हा स्टेटस कुणी ठेवलं होतं?

नाव गाळलं म्हणून चिडू नका. इटलीशी आपला जुना व्यवहार आहे. आपले कोल्हापूरचे राजाराम महाराज विलायत बघून परत निघाले आणि 1870 च्या नोव्हेंबरात फ्लोरेन्समध्ये वारले. वय अवघं वीस. आर्नो आणि मुन्योने या नद्यांच्या संगमावर दहन झालं, तिथं छत्री उभी राहिली, आत महाराजांचा पुतळा. पुढं शंभर वर्षांनी शेजारी मोठा पूल झाला. त्याचं नाव काय? 'इंडियानो'चा पूल. भारतीयाचा. कोण भारतीय, कुठला, कुणाच्या गादीचा, ते पुलाला विचारायचं नाही. राजाचं 'इंडियानो' होतं तिथं चपलेचं 'लेदर सँडल' झालं, तर कुठं बिघडलं?

पावसाळ्यात कोल्हापुरी घालू नका. (हे मात्र मनापासून सांगतोय.)

आता महत्त्वाचं. दारात पायताण काढायला शिका. ही विद्या आजची नाही. 1854 साली कलकत्त्यात गव्हर्नर जनरल डलहौसीच्या सरकारनं ठराव केला की दरबारात, सरकारी समारंभात विलायती बूट घालून आलेल्या नेटिवानं ते काढायची गरज नाही. देशी जोडा असेल तर मात्र बाहेर. म्हणजे साहेबाचं कातडं पायात असेल तर या, बापाचं असेल तर काढा. बरं, साहेबाला निदान ठाऊक होतं की तो काय करतोय. पायातल्या जोड्यावरनं माणूस वाकवायचा, राज्य करायचं. धंदा होता त्याचा! तो गेला. साहेबाच्या मुंबईच्या गव्हर्नर विल्सनचा पुतळा ह्याच गावानं विद्रूप केला, जिथं होता तिथं आज शिवाजी महाराज आहेत. आपण रोज त्यांना हात जोडतो आणि पुढं जाऊन क्लबाच्या दारात डलहौसीचा ठराव पाळतो. आणि पाळून घेणारा कोण? आठ-दहा हजारावर उन्हात उभं केलेलं आपलंच पोरगं, ज्याला कंपनीचा बूट चावत असणार. त्याला मी काय बोलू? नियम करणारी कमिटी आत एसीत बसून 'जगात भारी' म्हणत होती. बाभळीची साल आणि हिरड्यानं कमावलेलं कातडं, एक खिळा नाही, सगळी शिवण चामड्याच्या वादीची, ते तुमच्या फरशीला चालत नाही. रबराचा तळ लावलेला, कुणाकुणाच्या घामाचा वास येणारा तो भाड्याचा बूट चालतो. लाज कशाची वाटते रे तुम्हाला?

असो. उपरोध सुटला. सूचनांवर येतो.

शेवटची सूचना भावाबद्दल. डिसेंबर 2025 मध्ये प्राडानं दोन्ही राज्यांच्या चर्मोद्योग महामंडळांशी करार केला, दोन हजार जोड इथल्या कारागिरांकडनं करून घ्यायचे आणि सुमारे 800 युरोला एक विकायचा. रुपयात 80 हजारांच्या वर. हे वाचून तुम्ही खूश झालात, मीही झालो. आता आपल्या चपलांच्या बाजारात, चप्पल लाईनीत जा. दुकानदार दोन हजार म्हणाला की छाती धरा, "काय मिलानला आलोय काय?" म्हणा, बाराशेवरनं सुरुवात करा, उठून चालायला लागा, त्यानं हाक मारली की मागं वळा.

करताच की तुम्ही हे. मीही केलंय, ह्याच कापशीला तीनशे पाडून घेतले आणि घरी येऊन फुशारकी मारली. ते तीनशे दुकानदाराच्या गल्ल्यातनं जात नाहीत. वेणी विणणाऱ्या बाईच्या आणि तळ ठोकणाऱ्या म्हाताऱ्याच्या मजुरीतनं जातात. त्या म्हाताऱ्याच्या पोरानं हे काम सोडलं, शिरोलीला फौंड्रीत लागला. त्याला लग्नासाठी स्थळ बघताना कुणी 'वारसा' म्हणालं का? बाप काय करतो एवढंच विचारलं. चप्पल पाहिजे, चप्पल करणारा शेजारी नको. प्राडाला शिव्या द्यायला तोंड कुठलं आणलंत? त्यानं एकदा नाव गाळलं. आपण त्या माणसाचं नाव कधी विचारलंच नाही. मी सुद्धा. माप घेताना त्यानं माझा पाय हातात धरला होता, तरी नाही.

जेवण आटोपून दाराशी आलो तर माझी कापशी जागेवर नव्हती. "भारी हुती काका, कुणीतरी मेंबरनं नेली वाटतं," पोरगं म्हणालं. तो दहा नंबरचा बूट घालूनच घरी आलो. बूट माझ्याकडं आहे. ज्यानं नेलंय त्यानं माझं पायताण आणून द्यावं आणि आपला बूट घेऊन जावा.