पैसे मोजूनही गोष्ट अर्धीच

गेल्या शनिवारी रात्री जेवणे आटोपल्यावर मी वर्षाची वर्गणी भरलेले अ‍ॅप उघडले, तर अठराव्या भागापर्यंत पाहून झालेल्या अ‍ॅनिमे (जपानी अ‍ॅनिमेशन) मालिकेचे चित्र करडे पडले होते आणि त्याखाली ‘तुमच्या प्रदेशात उपलब्ध नाही’ एवढी एकच ओळ होती. आधी सूचना नाही, ईमेल नाही, उरलेले सहा भाग आता कुठे मिळतील याचा काही पत्ता नाही. ग्राहक सेवेला लिहिले, तेव्हा दोन दिवसांनी उत्तर आले की मालिका दाखवण्याच्या हक्कांची मुदत संपली असून गैरसोयीबद्दल त्यांना खेद आहे. ही मुदत कधी संपणार हे त्यांना करारावर सही केली त्या दिवसापासून ठाऊक होते. माझ्याकडून वर्षभराचे पैसे एकदम घेताना मात्र ते सांगण्याची गरज त्यांना वाटली नाही, याचा मला मनस्वी संताप आला आहे.

जपानी येत नाही म्हणून इंग्रजीतून अ‍ॅनिमे पाहणाऱ्या आणि मांगा (जपानी चित्रकथा) वाचणाऱ्यांच्या तोंडाला अशी पाने पुसली जाणे आजचे नाही, मग ते चाहते अमेरिकेतले असोत वा पुण्यातले. ‘मॅक्रॉस’ ही मालिका जपानमध्ये १९८२ साली आली. हार्मनी गोल्ड या अमेरिकी कंपनीने तिचे हक्क घेतले, काही संबंध नसलेल्या आणखी दोन मालिका तिला जोडल्या आणि १९८५ साली ‘रोबोटेक’ या नावाने ते सगळे मिळून एकच कथानक म्हणून दाखवले. पुढे जपानबाहेरचे हक्क नेमके कोणाचे, या भांडणात ‘मॅक्रॉस’च्या नंतरच्या बहुतेक मालिका इंग्रजी प्रेक्षकांपर्यंत रीतसर पोहोचल्याच नाहीत. तडजोड जाहीर झाली ती थेट एप्रिल २०२१ मध्ये. ज्याने दहाव्या वर्षी ‘रोबोटेक’ पाहिले, तो तोवर पन्नाशीकडे झुकला होता!

छापील मांगाची कथा याहून बरी नाही. डीसी कॉमिक्स या अमेरिकी चित्रकथा-प्रकाशकाने आपली सीएमएक्स ही मांगा शाखा २०१० मध्ये बंद केली, पुढच्याच वर्षी टोक्योपॉप या मांगा प्रकाशकाने अमेरिकेतल्या प्रकाशनाचा गाशा गुंडाळला आणि कितीतरी मालिका मध्येच लटकल्या. माझ्या कपाटात अशाच एका मालिकेचे पहिले चार खंड आणि सहावा खंड आहे. पाचव्याची छपाई बंद झाली असून, जुनी पुस्तके विकणारे त्या एका खंडासाठी बाकीच्या पाचांना मिळून पडले त्याहून जास्त पैसे मागतात. सहाव्याचे प्लास्टिक मी अजून फोडलेले नाही, कारण पाचवा वाचल्याशिवाय तो उघडून उपयोग तरी काय?

कागदाऐवजी डिजिटल प्रत घ्यावी, तर तिचाही भरवसा नाही. फ्युनिमेशन ही अ‍ॅनिमे दाखवणारी सेवा २ एप्रिल २०२४ रोजी बंद झाली, तेव्हा ज्यांनी डिस्क विकत घेऊन सोबतचा कोड टाकून डिजिटल प्रती आपल्या खात्यात जमा केल्या होत्या, त्यांना त्या क्रंचीरोल या तशाच दुसऱ्या सेवेवर नेता आल्या नाहीत. दोन्ही सेवा सोनीच्याच मालकीच्या असताना लोकांनी पदरमोड करून जमवलेला संग्रह पुसला गेला, आणि हे मला अजिबात क्षम्य वाटत नाही.

एवढे करून चोरट्या संकेतस्थळांवर जाऊ नका, कलावंतांचे पोट मारू नका, हा उपदेश आम्हालाच ऐकवला जातो. मला तो पटतो, म्हणूनच मी इतकी वर्षे पैसे भरत आलो. पण चोराकडे सगळे भाग शाबूत आणि दाम मोजणाऱ्याकडे करडा चौकोन, हा चोर सोडून संन्याशाला फाशी देण्याचाच प्रकार झाला. प्रत्येक मालिकेच्या नावाशेजारी तिच्या हक्कांची मुदत ठळकपणे लिहा आणि ती संपण्याच्या महिनाभर आधी ग्राहकाला कळवा, एवढीच माझी मागणी आहे. तारीख त्यांच्या कागदपत्रांत लिहिलेली असतेच, ती दाखवायला त्यांना काय जड जाते?

ग्राहक सेवेला मी पुन्हा पत्र लिहिले आहे. त्यात वर्गणीच्या उरलेल्या सात महिन्यांचे पैसे परत मागितले आहेत आणि खेदाचे आणखी एक पत्र पाठवू नये, असेही स्पष्ट लिहिले आहे.