शिव्या कोणी खायच्या, ते आधी ठरवा

ठाण्याच्या वागळे इस्टेटमधलं तीस माणसांचं ऑफिस. लाइन शंभर एमबीपीएसची, अपलोड वीसचं. रोज साडेअकराला साहेबांचा व्हिडिओ कॉल अडकतो आणि त्यांचं उघडं तोंड स्क्रीनवर तसंच चिकटून राहतं. तेव्हा बँडविड्थ मॅनेजमेंटचं टूल, म्हणजे लाइन कोण किती खातं ते दाखवणारं आणि वाटून देणारं सॉफ्टवेअर आणायचं, हे ठरलंच. लाइन नेमकी कशाने तुंबते ते मात्र चुकूनही बघू नका. खरेदीची सगळी मजा जाते.

फुकटचं की विकतचं? उद्या लाइन बसली की शिव्या कोण खाणार, एवढंच बघा.

विकतचं घ्या, शिव्या विकणाऱ्या कंपनीबरोबर वाटून जातात. डेमोमध्ये रंगीत आलेख दिसतात, साहेबांना सगळं कळतं (असं साहेबांना वाटतं). लायसन्स बऱ्याचदा सेन्सरवर मोजतात, म्हणजे नजर ठेवायची प्रत्येक गोष्ट एक सेन्सर. चोवीस पोर्टांचा एक स्विच जोडलात की चोवीस सेन्सर तिथेच खपले. पण नंतर ‘तिकीट टाकलंय’ (म्हणजे कंपनीकडे तक्रार नोंदवलीय) या दोन शब्दांवर तीन दिवस सुखात निघतात.

फुकटचं हवं तर जुना पीसी, एक जादा लॅनकार्ड आणि पीएफसेन्स (पीसीला फायरवॉल-राउटर बनवणारं सॉफ्टवेअर) घ्या, किंवा त्यातूनच 2015 साली फुटून निघालेलं ओपीएनसेन्स. (फाटाफूट फक्त आपल्या सोसायटीतच होत नाही, हे बघून बरं वाटतं.) लाइनच्या वापराच्या आलेखांसाठी एमआरटीजी हे टूल आहे. ते 1995 पासूनचं आहे, आणि दिसतंही तसंच. लायसन्सचा खर्च शून्य, म्हणून साहेब तुमचा रविवारही शून्यातच धरतात.

एका गोष्टीपासून मात्र लांब राहा: एफक्यू-कोडेल, म्हणजे लाइनवरची रांग सगळ्यांत नीट वाटून देणारी पद्धत. लिनक्समध्ये 2012 पासून आहे, पीएफसेन्स-ओपीएनसेन्समध्येही मिळतं. अपलोडची मर्यादा वीसच्या जागी अठरावर ठेवली की रांग मोडेमच्या पोटात साचत नाही, तुमच्या ताब्यात राहते. मग घोडबंदर रोडला कंटेनरमागे दुचाकी अडकते, तशी कॉलच्या डेटाची छोटी पाकिटं मोठ्या फायलींमागे अडकत नाहीत. इतक्या स्वस्तात कॉल सुधारला तर पुढच्या वर्षी बजेट कशाच्या नावावर मागाल?

आणि साडेअकराला अकाउंट्सच्या पीसीवरून क्लाउड बॅकअप सुरू होतो, हेही कोणाला सांगू नका. तो रात्री दोनवर ढकलायला पाच मिनिटं पुरतात. पण मग अकाउंट्सच्या मॅडमना ‘रात्री पीसी चालू ठेवा’ असं सांगायला कोणालातरी जावं लागेल. त्यापेक्षा तीन कोटेशनं मागवा.