सही केलीत ना? मग चेक तुमचाच

द्राक्ष हंगाम सरत आला की निफाड-दिंडोरीकडच्या ग्रुपांवर एक मेसेज हमखास फिरतो: ‘चेकवर नुसती सही केली, रक्कम दुसऱ्याने टाकली, तर तुम्ही जबाबदार नाही. स्टॉप पेमेंट द्या, विषय संपला. चेक बाउन्स हा दिवाणी मामला, जेल वगैरे काही नाही.’ खाली ‘शेतकरी हितार्थ’! नाशिकच्या सीबीएस बसस्थानकाजवळच्या कोर्टात रोज असलेच खटले चालवतो, म्हणून लिहितोय.

आधी कोरा चेक. औषध-खताच्या उधारीपोटी दुकानदार तो ठेवून घेतो, हे आपल्याकडे सर्रास. सही निळ्या शाईत, आकडा काळ्या. एवढं दाखवलं की सुटलो, असं पक्षकारांना वाटतं. पण 2019 साली बीर सिंग विरुद्ध मुकेश कुमार खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की राजीखुशीने सही करून दिलेला चेक दुसऱ्याने भरला तरी तो देण्यापोटीच दिला असं धरलं जाईल. तसं नव्हतं, हे सही करणाऱ्याने दाखवायचं. म्हणून दुकानदाराला रान मोकळं आहे असं नाही. मधे हप्ते फेडले असताना त्याने पूर्ण रकमेचा चेक वटवायला टाकला, तर चेक बाउन्सच्या गुन्ह्याचं कलम 138 लागू होत नाही, असं त्याच न्यायालयाने 2022 मध्ये म्हटलंय. पण हप्त्याच्या पावत्या हव्यात. ‘वहीत लिहिलंय’ म्हणाल, तर वही दुकानदाराकडे असते.

स्टॉप पेमेंटचं म्हणाल, तर देणं बाकी असताना ती पळवाट चालत नाही. खातं बंद केलं तरीही नाही.

आणि दिवाणी? 2 वर्षांपर्यंत कैद, चेकच्या दुपटीपर्यंत दंड, किंवा दोन्ही. तडजोड करता येते, एवढंच.

गंमत अशी, की हा मेसेज मला दाखवणाऱ्या बागायतदाराच्याच पिशवीत व्यापाऱ्याचा न वटलेला चेक होता, चेक परत केल्याचा बँकेचा मेमो टाचलेला. ‘थांबा दादा, सोमवारी आरटीजीएस करतो’ म्हणत व्यापाऱ्याने 41 दिवस काढले होते. मेमो मिळाल्यापासून 30 दिवसांत लेखी नोटीस द्यावी लागते. पैसे द्यायला 15 दिवस, नाही आले तर पुढच्या महिन्याभरात तक्रार. यांची नोटीस राहिली होती. नशीब, चेकवरच्या तारखेला अजून 3 महिने व्हायचे होते. त्या 3 महिन्यांच्या मुदतीत तोच चेक पुन्हा टाकता येतो, आणि पुन्हा परत आला तर नोटिशीचे 30 दिवस नव्याने मिळतात. म्हटलं, चहा नंतर, आधी बँक गाठा.